बाभळीचे ठोकळे

ता. ११ डिसेंबर २००१. डिंगोऱ्याच्या आमच्या रानात कांद्याची लागण चालू होती. वाफ्यात बसून रोप लावायचं काम मी लग्न झाल्यापासून करत आले. त्या दिवशी पहिल्याच वाफ्यात बसले आणि उठता येईना. डाव्या जांघेत सुरी फिरवल्यासारखं झालं. बायकांनी काखेत हात घालून मला बांधावर आणून बसवलं. रोपाच्या जुड्या सावलीत ठेवा, वर ओलं पोतं टाका, एवढं त्यांना सांगितलं आणि आमच्या ह्यांच्याबरोबर मंचरला गेले. तिथे आठवड्यातून एकदा पुण्याहून हाडांचे स्पेशालिस्ट यायचे.

वर्षभर मी गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याला तेल चोळत होते. डॉक्टरांनी गुडघ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला उताणं झोपवून पाय जरा आत वळवला. मी ओरडले. ते म्हणाले, “दुखणं खुब्याचं आहे, ताई. खुबा दुखला की जांघेत आणि गुडघ्यात कळ येते. पुष्कळ लोक वर्षभर गुडघाच चोळत बसतात.”

मग एक्स-रे. ओली फिल्म त्यांनी उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेन धरून दाखवलं. मांडीच्या हाडाचं डोकं चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. उजवीकडचं गोल होतं. डावीकडचं, पिठाच्या गोळ्यावर अंगठा दाबावा तसं चेपलेलं होतं.

“याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “या गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या बंद पडल्या. रक्त नाही म्हणून आतलं हाड मेलं, आणि वजन पडून ढासळलं. आता तेलानं, लेपानं काही होणार नाही. सांधा बदलावा लागेल.”

कुठे पडला होता का? नाही. दम्यासाठी, संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या का? नाही. दुसरं कसलं औषध चालू आहे? काही नाही. घरात आणखी कुणाला असं झालं होतं?

“सासूबाईंना,” मी म्हणाले.

डॉक्टर हसले. “सासूचा आजार सुनेला होत नाही, ताई. रक्ताचं नातं लागतं.”

हेही हसले. मला हसू आलं नाही. पाच वर्षांपूर्वी वारलेल्या बाईचं चालणं मी वर्षभर माझ्या पायांत ओळखत होते. आधी उठताना जांघेवर हात. मग पाय जरासा बाहेर टाकून चालणं. मग भिंतीचा आधार. पुढचं काय, ते मला पाठ होतं.

माझ्या सासूबाईंना आम्ही दोघी सुना आत्याबाई म्हणायचो. बाई कामाला वाघीण. त्यांचा पाय असाच गेला, न पडता, न धडपडता. हाडवैद्याकडे नेलं, त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, सुटल्या तेव्हा पाय होता त्याहून आखूड झाला होता. पुढे दुसराही गेला. मग त्या गोणपाटावर बसून खुरडायला लागल्या. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, बाभळीचे दोन ठोकळे तासून त्यांना मुठी कोरून दिल्या. जमिनीवर हात सोलायचे म्हणून. ठोकळे पुढे टेकायचे आणि अंग ओढायचं. टक, खर्रर. टक, खर्रर. त्यांना सरकायला बरं पडावं म्हणून आम्ही घरात शहाबादी फरशी घातली आणि तो आवाज आणखी मोठा झाला. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत. वर्षानुवर्षं. मी भाकरी थापताना तो आवाज माझ्या पाठीशी येऊन थांबायचा.

त्या उंबऱ्यातच बसायच्या. मामंजी रोज म्हणायचे, “उंबऱ्यात बसू नगं, कुनाचा पाय पडंल.” त्या म्हणायच्या, “पडू द्या. मला तरी कळंल पाय कसा आसतो.”

त्या गेल्या तेव्हा चेहरा भाकरीसारखा गोल होता. मयताला आलेल्या बायका म्हणाल्या, सुनांनी चांगलं खाऊ घातलं. हा चेहरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्याच्या रात्री पीठ चाळून जमिनीवर पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि वरून कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घालतात. सकाळी डालगं उचलून पिठावर ठसा बघायचा. पाखराचा पाय दिसला तर पाखराच्या जन्माला गेलं, गाईचा खूर दिसला तर गाईच्या. आत्याबाईंच्या पिठावर पाऊल नव्हतं. पिठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओढल्याची रेघ होती, आणि बाजूला दोन खळगे.

शेजारची एक म्हातारी म्हणाली, “आजून खुरडतीया बाई.”

मी तिथल्या तिथे सांगितलं, डालगं उचलताना काठ घासला असेल. मला आजही तसंच वाटतं. पण डालगं उचललं होतं मी, आणि मी ते सरळ वर उचललं होतं.

मंचरहून परत आले, तोवर गावात बातमी पोचली होती. माझी जाऊ शकू, आमच्या शेजारच्याच खोल्यांत राहते, ती लिंबू-मीठ घेऊन उभी. म्हणाली, “बाई, तुमी रागवा नायतर काय करा. आत्याबाईंनी जागा धरलीय. येकदा देवरुष्याकडं जाऊन येऊ.”

“आत्याबाईंना जागा पाहिजे तर घर एवढं मोठं आहे,” मी म्हणाले. “माझा खुबाच का?”

“तुमीच त्यांच्या जवळच्या व्हत्या. मला कुठं काय देत व्हत्या त्या?”

तेवढं खरं होतं. आत्याबाईंनी मला एक गोष्ट दिली होती. लग्नानंतर काही वर्षांनी माझे सांधे धरायला लागले, सकाळी बोटं वळायची नाहीत. तेव्हा त्यांनी कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून हातावर ठेवली. “गुळाच्या खड्यात घे. लई गुन हाय. शकूला सांगू नगं.” ओतूरच्या आठवडे बाजारात झाडाखाली बसणाऱ्या एका माणसाकडची ती पांढरी पुडी. खरंच गुण यायचा. पाखरासारखं अंग हलकं व्हायचं. दर सकाळी चुलीशी आम्ही दोघी एकेक पुडी घ्यायचो आणि कामाला लागायचो. सासू-सुनेचं आमचं जे काही सख्य होतं ते तेवढंच. त्या गेल्यावरही मी ती घेत राहिले.

सांधा बदलायचं ठरवायला मला वेळ लागला नाही. लोक म्हणाले, लोखंडी सांधा गंजतो. म्हणाले, जन्माचं अपंगत्व येतं. मी मनात एकच गोष्ट धरली होती. मला गोणपाटावर बसायचं नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सांधा चांगला बसला तर चालाल. पण यापुढे जमिनीवर बसणं नाही, उकिडवं बसणं नाही, मांडी घालणं नाही. “चालेल,” मी म्हणाले. शेतकऱ्याच्या घरात चूल, संडास, पंगत, खुरपणी, सगळं जमिनीलगत. हे बाहेर आल्यावर म्हणाले, “मग तू करशील काय?” मी म्हणाले, “उभी राहीन.”

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. ज्यांचं व्हायचं आहे त्यांनी घाबरू नये म्हणून सांगते. पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देतात, त्याला स्पायनल अॅनेस्थेशिया म्हणतात. कमरेखालचं अंग बधिर होतं, पण तुम्ही जाग्या असता. दुखत नाही. ऐकू मात्र येतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पडद्याच्या पलीकडे करवत चालली. मग हातोडी. टक. टक. टक. सुताराच्या कामासारखंच काम आहे ते. मधे थांबायचं आणि काहीतरी ओढल्याचा आवाज यायचा.

मी डोळे मिटून पडले होते. मी त्या वेळी कुणाला म्हणाले नाही, आता लिहिते. ऑपरेशनच्या खोलीत फरशीवरून कुणीतरी माझ्या टेबलाकडे सरकत येतंय असं मला वाटत होतं. मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, “खाली कुणी आहे का?” ते म्हणाले, “कुणी नाही, आजी.” तोवर मला कुणी आजी म्हटलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन दिवस वाईट गेले. जखम ठीक होती. पण माझं ब्लडप्रेशर खाली खाली जायला लागलं. अंगातलं बळ गेलं. उलट्या, घाम. सलाइन चढवलं, रक्त दिलं, तरी वर येईना. डॉक्टर चार्ट बघून आपसात इंग्रजीत बोलायचे. ह्यांचा चेहरा पाहून मला कळत होतं की प्रकरण हाताबाहेर चाललंय. दुपारी भेटीची वेळ संपून वॉर्ड शांत झाला की कॉटच्या खालून मला आवाज यायचा. बाजूच्या कॉटवरची बाई म्हणे, तो जेवणाच्या ट्रॉलीचा आवाज आहे. असेल. मी विचार केला, आत्याबाई, न्यायचं असेल तर न्या, पण पायांवर न्या.

तिसऱ्या दिवशी शकू गावाहून आली. माझा अवतार पाहून रडली नाही, ती रडणाऱ्यातली नाही. डबा उघडून भाताची पेज काढली आणि डब्याच्या झाकणाखालून पाच-सहा पुड्या काढल्या.

“घ्या,” कानाशी येऊन म्हणाली. “तुमची पुडी हितं कुनी दिली नसंल. फळीवरनं आनल्या. मला काय ठावं न्हाई व्हय, तुमी दोघी चुलीम्होरं काय खात व्हत्या ते?”

हात पुढे करायचंही बळ माझ्यात नव्हतं. तिने गुळाचा खडा काढला, तेवढ्यात सिस्टर आल्या.

“काय देताय पेशंटला?”

“पुडी हाय वो. घरचीच.”

“कसली पुडी?”

“सांद्याची. त्या रोज घेत्यात.”

सिस्टरने पुडी हातातून काढून घेतली आणि शकूला इतकं बोलल्या की सारा वॉर्ड बघायला लागला. थोड्या वेळाने मोठे डॉक्टर स्वतः आले. एरवी ते दारातूनच विचारून जात. त्यांनी पुडी उघडली, पाहिली, माझ्याकडे पाहिलं. माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

“हे किती वर्षं घेताय?”

“दहा-बारा तरी झाली.”

“तुम्हाला विचारलं होतं ना, कसलं औषध चालू आहे का?”

“हे औषध नाही. पुडी आहे.”

मी चेष्टा करत नव्हते. औषध म्हणजे डॉक्टरचं, चिठ्ठीवरचं, बाटलीतलं. पुडी ही घरची गोष्ट. आमच्याकडे तपकीर, मशेरी आणि पुडी यांना कुणी औषध म्हणत नाही. मंचरला मला विचारलं तेव्हा पुडी माझ्या डोक्यातही आली नव्हती.

डॉक्टर कॉटच्या कडेवर बसले. म्हणाले, “यात काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण असल्या पुड्यांत स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घालतात, म्हणून लगेच गुण येतो. तुमचा हा गोल चेहरा त्याचा आहे. खुब्याचं हाड मेलं ते बहुतेक त्यानंच. आणि शरीराला बाहेरून मिळायची सवय झाली, की ते स्वतः तयार करायचं सोडून देतं. इथे येऊन पुडी एकदम बंद झाली, वर एवढं ऑपरेशन. म्हणून प्रेशर पडतंय.”

त्याच तासात त्यांनी शिरेतून तेच औषध मोजून सुरू केलं. संध्याकाळी मी पेज प्यायले. ज्या पुडीने मला इथवर आणलं, ती शकूने डब्यात लपवून आणली म्हणून मी वाचले. शकू अजून म्हणते, “मला काय म्हाईत? मी आपली दुखतंय म्हनून आनली.”

राउंडला आले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, “माझ्या सासूबाईही हीच घ्यायच्या. त्यांचाही चेहरा असाच झाला होता. त्यांचंही हेच असेल का?”

“मी त्यांना तपासलेलं नाही,” ते म्हणाले. “सांगू शकत नाही.” मग दारापर्यंत जाऊन थांबले. “असू शकेल.”

तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं. धरलं-बिरलं काही नव्हतं, कागदातली पांढरी पूड होती. पण रात्रंदिवस डोळ्यांपुढे आत्याबाईंचा तळहात यायचा आणि त्यावर पुडी. त्यांनी मला जिवाभावाने दिलेली एकुलती एक गोष्ट. शकूचं म्हणणं चुकीचं होतं असंही आता म्हणता येईना. आत्याबाईंचं माझ्याकडे आलंच होतं, हातातून हातात.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. डॉक्टरांनी विचारलं तर पुडी, काढा, चूर्ण, बाजारातली गोळी, सगळं सांगा. त्याला तुम्ही काय म्हणता ते महत्त्वाचं नाही. आणि घेत असाल तर भीतीने एकदम बंद करू नका. मला ते औषध पायऱ्या उतराव्यात तसं हळूहळू कमी करून दिलं, त्याला महिने लागले. आमचे हे ओतूरच्या बाजारात जाऊन झाडाखाली पुडी घ्यायला थांबलेल्या बायकांना सांगून आले. एकीने ह्यांना उत्तर दिलं, “भाऊ, तुमच्या बायकूला सासूनं धरलंय, आख्ख्या गावाला ठावं हाय. पुडीला कशापायी नावं ठेवता?” आणि रांग पुढे सरकली.

पुण्याहून मी वॉकरवर घरी आले. वॉकर म्हणजे चार पायांची अॅल्युमिनियमची चौकट. ती उचलून पुढे टेकायची आणि मग ऑपरेशनचा पाय पुढे घ्यायचा. माझ्या पायात अजून उचल नव्हती, तो फरशीवर घासत यायचा. दवाखान्यात गुळगुळीत टाइल्स होत्या, काही जाणवलं नाही. आमच्या शहाबादीवर पहिलंच पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थांबले.

टक, खर्रर.

ओट्यावर मामंजी बसले होते. त्यांची नजर तोवर गेलेली होती, कान मात्र तिखट. मी हलेना, तेव्हा पाठीमागून ह्यांनी ढकलल्यासारखं केलं, “चल की.” मी आणखी दोन पावलं टाकली. मामंजींनी मान वर केली. अगदी नेहमीच्या, रोजच्या आवाजात म्हणाले, “उंबऱ्यात बसू नगं. कुनाचा पाय पडंल.”

हे पुढे होऊन सांगायला लागले की दादा, ही सून आहे, दवाखान्यातून आली. मी ह्यांना हाताने थांबवलं.

“नाही बसत,” मी म्हणाले.

“बरं,” मामंजी म्हणाले, आणि पुन्हा मान खाली घातली.

त्या संध्याकाळी अडचण बसायचीच झाली. घरात एक खुर्ची होती, लग्नात आलेली, पण तिची बैठक ठेंगणी. बसलं की गुडघे खुब्याच्या वर यायचे, आणि नेमकं तेच करायचं नव्हतं. नवा सांधा त्याने वाटीतून निसटू शकतो. उशी ठेवली तर ती दबायची. विटा ठेवल्या तर हलायच्या. मी कॉटवर बसून जेवले. उजव्या खुब्यातही थोडी सुरुवात दिसते आहे, लक्ष ठेवू, असं डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं. ते मी अजून घरात कुणाला सांगितलं नव्हतं. शकूने दारात लिंबू बांधलं. मी बांधू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना माळ्यावर चढवलं आणि आत्याबाईंचे ठोकळे खाली काढायला लावले. मुठीच्या खाचा हाताच्या घामाने काळ्या झाल्या होत्या, तळ झिजून एका बाजूला उतरता झाला होता. मी म्हणाले, प्रत्येकाचे दोन करा, तळ सपाट करून घ्या, खुर्चीच्या चारी पायांना ठोका. हे करवत घेऊन बसले. करवतीचा आवाज ऐकून मामंजी चाचपडत आले आणि भुसा हातात घेऊन नाकाला लावला.

“बाभळ माझी हाय,” ते म्हणाले. “काय करताय?”

“बसायला उंच पाहिजे, मामंजी.”

ते बराच वेळ भुसा चोळत उभे राहिले. “मला खुर्ची न्हाई सुचली,” ते म्हणाले. मग भिंतीला धरून परत ओट्यावर गेले.

खिळे मारून झाल्यावर मी खुर्ची हलवून पाहिली. डगमगत नव्हती. उजेड उंबऱ्याशी चांगला येतो म्हणून हे ती तिकडे ओढत घेऊन गेले. फरशीवर बाभळ घासली. मामंजींनी मान वळवली, पण बोलले नाहीत. मी वॉकर बाजूला केला, दोन्ही हात टेकले आणि बसले. पाय जमिनीला लागत होते, गुडघे खुब्याच्या खाली होते. शकूला हाक मारून शेंगांची पाटी मांडीवर घेतली आणि बियाणाच्या शेंगा फोडायला लागले.